वैयक्तिक सर्व्हरसाठी मोफत होस्टिंग पॅनेल निवडताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

स्वतःचा छोटा सर्व्हर हाती आला की बहुतेक जण पहिल्याच संध्याकाळी एखादे मोफत कंट्रोल पॅनेल, म्हणजे साईट, डेटाबेस आणि ईमेल ब्राउझरमधून हाताळण्याचे सॉफ्टवेअर, त्यावर बसवून मोकळे होतात आणि आपल्या साईटला नेमके काय लागते याचा विचार त्यानंतर सुरू करतात. मग ईमेल पोहोचत नाही, मेमरी पुरत नाही, हाताने केलेले बदल परस्पर पुसले जातात आणि पॅनेल बदलायचे म्हटले तर ते काढून टाकण्याची सरळ वाट सापडत नाही. पॅनेल एकदा बसले की वेब सर्व्हर, डेटाबेस, फायरवॉल आणि वापरकर्त्यांची खाती या सर्वांच्या मांडणीचा ताबा त्याच्याकडे जातो. तो परत घ्यायचा तर व्यवहारात सर्व्हर पुसून नव्यानेच उभारावा लागतो. म्हणून पॅनेलचे नाव शेवटी ठरवावे. त्याआधी गरजा लिहाव्यात, न बसणारे पर्याय एकेक करून वगळावेत आणि उरलेल्या दोघांची तालीम करावी.

टप्पा १: सर्व्हरवर काय चालणार आहे, ते लिहून काढावे

प्रत्येक साईटसाठी कागदावर एक ओळ करावी. तिच्यात साईटचे नाव, ती कशावर चालते, पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेले आहे तिची) कोणती आवृत्ती लागते, डेटाबेस केवढा आहे आणि साईट कोण हाताळणार आहे, एवढे भरावे. पुण्यातल्या एखाद्या हौशी माणसाचा कागद साधारण असा असतो: स्वतःचा ब्लॉग, बहिणीच्या सदाशिव पेठेतल्या शिकवणी वर्गाची साईट, आपल्या सोसायटीच्या सूचनांची साईट आणि मित्रमंडळींचा दिवाळी अंक. चारही वर्डप्रेसवर असल्या तरी त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत. शिकवणी वर्गाच्या साईटवर बहीण स्वतः फाइली चढवणार असते, म्हणून तिला तिच्यापुरते मर्यादित खाते हवे. दिवाळी अंकाची साईट एरवी शांत असते आणि सणाच्या आठवड्यात तिच्यावर एकदम झुंबड उडते, म्हणून मेमरीचा हिशेब त्या आठवड्याच्या गर्दीवरून करावा लागतो. सोसायटीच्या साईटवर सभासदांची नावे आणि थकबाकी असते. ब्लॉगवरच्या एखाद्या जुन्या प्लगिनमधून कोणी आत शिरलाच तर त्याला ही माहिती दिसता कामा नये. याचा अर्थ प्रत्येक साईट वेगळ्या लिनक्स वापरकर्त्याखाली चालवणारे पॅनेल लागेल.

पीएचपीच्या रकान्याकडे दुर्लक्ष करू नये. पीएचपी ७.४ ची अधिकृत देखभाल नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबली, तरी तिच्यावर अडकलेल्या साईट अजून पुष्कळ आढळतात. अशी साईट असेल तर एकाच वेळी पीएचपीच्या अनेक आवृत्त्या चालवणारे पॅनेल घ्यावे लागते. माझ्या मते आधी साईट अद्ययावत करणे आणि मग पॅनेल शोधणे अधिक शहाणपणाचे आहे.

कागद भरल्यावर काही जणांच्या लक्षात येईल की त्यांना होस्टिंग पॅनेल लागतच नाही. फक्त स्थिर पानांची एखादी साईट असेल तर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर आणि एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र आणणारे सर्टबॉट एवढ्यावर काम भागते. सगळे डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या बंद डब्यात, चालवायचे असेल तर कूलिफायसारखे त्याच कामासाठी केलेले साधन पाहावे.

*इशारा:* वेबमिन किंवा कॉकपिट बसवून त्यात ‘नवी साईट जोडा’ हे बटण शोधत बसणे ही नेहमीची चूक आहे. ही दोन्ही सर्व्हर सांभाळण्याची साधने आहेत. डोमेन, ईमेल खाती आणि डेटाबेस यांची होस्टिंगच्या पद्धतीने सांगड घालण्यासाठी वेबमिनवर व्हर्च्युअलमिन बसवावे लागते.

टप्पा २: ईमेलचा निर्णय पॅनेलच्या आधी घ्यावा

पर्यायांची यादी सर्वांत जास्त याच निर्णयाने लहान होते, आणि नेमका तोच बहुतेक जण लांबणीवर टाकतात. पॅनेलमध्ये ईमेलची सोय असणे आणि त्या सर्व्हरवरून पाठवलेले पत्र समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पोहोचणे यांत मोठे अंतर आहे.

पत्र एका मेल सर्व्हरवरून दुसऱ्याकडे २५ क्रमांकाच्या पोर्टवरून जाते आणि अनेक क्लाउड कंपन्या हे पोर्ट बाहेर जाण्यासाठी मुळातच बंद ठेवतात. ॲमेझॉन, गुगल क्लाउड आणि डिजिटलओशन यांच्याकडे अशीच पद्धत आहे. पोर्ट उघडे मिळाले तरी सर्व्हरच्या आयपी पत्त्याची उलट नोंद, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर नोंद, करावी लागते. ती पॅनेलमधून होत नाही, यंत्र देणाऱ्या कंपनीच्या खात्यातून होते. त्यानंतर डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदवहीत, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पत्र खरेच आपल्याकडून आल्याची खात्री देणाऱ्या नोंदी येतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल साध्या, थोडी पत्रे पाठवणाऱ्यांकडूनही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक आणि सुलट-उलट जुळणाऱ्या डीएनएस नोंदी मागते. हे सर्व बिनचूक करूनही त्या आयपी पत्त्याच्या आधीच्या भाडेकरूने केलेली स्पॅमची पुण्याई आपल्या वाट्याला येऊ शकते.

मेमरीचा प्रश्न वेगळाच. ईमेलसोबत येणारा क्लॅमएव्ही हा विषाणू तपासणारा प्रोग्राम आपल्या याद्या मेमरीत धरून ठेवतो आणि एकटाच सुमारे १ जीबी किंवा अधिक जागा अडवतो. २ जीबीच्या यंत्रावर त्याच्या शेजारी डेटाबेस आणि चार वर्डप्रेस बसवले की मेमरी संपल्यावर लिनक्स एखादी प्रक्रिया बंद करते, आणि ती बहुधा डेटाबेसच असते. साईटवर ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ असे दिसू लागते आणि दोष वर्डप्रेसला दिला जातो.

चार साईटच्या मालकाने ईमेलची खाती बाहेरच्या सेवेकडे ठेवावीत असे माझे स्पष्ट मत आहे. साईटच्या संपर्क-अर्जाची किंवा पासवर्ड बदलण्याची पत्रे बाहेरच्या एसएमटीपी सेवेतून ५८७ पोर्टवरून पाठवावीत. हे पोर्ट अनेक ठिकाणी उघडे असते, पण आपल्या कंपनीकडे ते उघडे आहे ना, हे आधी पाहावे.

*तपासणी:* डोमेनची सध्याची एमएक्स नोंद, म्हणजे येणारी पत्रे कोणत्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणारी नोंद, कोणाकडे जाते ते पाहून लिहून ठेवावे. ईमेल बाहेर असताना पॅनेलमध्ये डोमेन जोडताना ‘मेल’ची खूण तशीच राहिली तर सर्व्हर स्वतःलाच त्या डोमेनचे टपालघर समजतो. मग त्या सर्व्हरवरून त्याच डोमेनच्या पत्त्यावर पाठवलेली पत्रे बाहेर न जाता आतल्या आत जमा होत राहतात.

टप्पा ३: यंत्र, जागा आणि ऑपरेटिंग सिस्टीम

घरातल्या जुन्या संगणकावर सर्व्हर चालवण्याचा मोह असेल तर आधी एक गोष्ट तपासावी. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरच्या बाजूचा आयपी पत्ता आणि ‘माझा आयपी पत्ता’ दाखवणाऱ्या साईटवर दिसणारा पत्ता एकच आहे का? राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर अनेक ग्राहकांमध्ये एकच सार्वजनिक पत्ता वाटून दिलेला आहे, आणि बाहेरून कोणी थेट तुमच्या सर्व्हरपर्यंत पोहोचू शकणार नाही. अशा जोडणीवर कोणतेही पॅनेल बसवले तरी उपयोग नाही. आधी स्थिर आयपी पत्ता विकत घ्यावा लागेल. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद राहण्याची सवय सर्वांनाच आहे, तेव्हा इन्व्हर्टरवर संगणकाबरोबर राउटरही आहे ना, हेही पाहावे.

भाड्याचे यंत्र घ्यायचे तर वाचक महाराष्ट्रातले असताना सर्व्हर भारतातच असावा. मायक्रोसॉफ्टच्या अझूरचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग पुण्यातच आहे, ॲमेझॉनचा एक विभाग मुंबईत आहे आणि डिजिटलओशनचे केंद्र बंगळुरूला आहे. मात्र वैयक्तिक साईटसाठी या तिघांतल्या अंतराच्या फरकापेक्षा महिन्याचे भाडे आणि स्नॅपशॉटची, म्हणजे संपूर्ण यंत्राची जशीच्या तशी प्रत काढण्याची, सोय या गोष्टी अधिक महत्त्वाच्या ठरतात.

ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना दोन तारखा जुळवाव्यात: त्या आवृत्तीला सुरक्षा-दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार आणि पॅनेल त्या आवृत्तीवर चालते असे त्याच्या अधिकृत पानावर लिहिले आहे का. उबंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत नेहमीच्या दुरुस्त्या मिळतात, डेबियन १२ ला दीर्घ मुदतीच्या देखभालीसह जून २०२८ पर्यंत. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. तरीही ‘सेंटओएस ७ वर पॅनेल कसे बसवावे’ असे जुने लेख शोधात वर येतात आणि नवखे वाचक तेच गिरवतात. उबंटू घेताना दीर्घ मुदतीचीच, म्हणजे एलटीएस, आवृत्ती घ्यावी.

*इशारा:* पॅनेल नेहमी कोऱ्या सिस्टीमवर बसवावे. आधी हाताने अपाचे हा वेब सर्व्हर, पीएचपी आणि मारियाडीबी हा डेटाबेस बसवून मग त्यावर पॅनेल चढवणे म्हणजे अर्धवट मांडणीला आमंत्रण आहे. बहुतेक पॅनेलच्या सूचनांत हे लिहिलेले असते, पण ते ओळीभरात असल्यामुळे नजरेतून सुटते.

टप्पा ४: वजाबाकी करून दोन पॅनेलवर यावे

आता कागद समोर ठेवून पर्याय चाळता येतात. तपासायचे निकष माझ्या हिशेबी तीनच आहेत: पॅनेल कॉन्फिगरेशन फाइलींशी कसे वागते, त्याचा वेब सर्व्हर कोणता आहे आणि सुरक्षेच्या बाबतीत त्याचा इतिहास काय सांगतो. पडद्यावरच्या देखणेपणाला मी गुण देत नाही; पॅनेल महिन्यातून दोनदा उघडायचे असते.

व्हर्च्युअलमिनची मोफत आवृत्ती जीपीएल या मुक्त स्रोताच्या परवान्याखाली आहे आणि ती डेबियन, उबंटू तसेच आल्मा आणि रॉकी लिनक्सवर चालते. तिचा मोठा गुण असा की ती प्रत्यक्ष कॉन्फिगरेशन फाइलीच वाचते आणि त्यांतच बदल करते, त्यामुळे हाताने लिहिलेली एखादी ओळ सहसा टिकून राहते. मेमरी कमी असेल तर तिची ‘मिनिमल’ मांडणी निवडता येते. दुसऱ्या बाजूला, तिच्या मेनूत इतके पर्याय आहेत की नवख्याला सुरुवातीला धडकी भरते. लिनक्सशी ओळख असलेल्या आणि हाताने फेरफार करणाऱ्या वाचकाने हिचा विचार आधी करावा.

हेस्टिया हेही मुक्त स्रोताचे पॅनेल आहे, पण ते फक्त डेबियन आणि उबंटूवर चालते. नेहमीच्या मांडणीत त्यात पुढे एन्जिनएक्स आणि मागे अपाचे असतो, म्हणून वर्डप्रेसच्या एचटीॲक्सेस फाइली (साईटच्या फोल्डरमध्ये ठेवलेले अपाचेसाठीचे नियम) जशाच्या तशा चालतात. त्याची किमान गरज १ जीबी मेमरीची आहे, तीही क्लॅमएव्ही आणि स्पॅम गाळणारा स्पॅमअसॅसिन वगळून; सर्व घटक हवे असतील तर ४ जीबी सुचवलेले आहेत. डोमेनच्या कॉन्फिगरेशन फाइली ते टेम्पलेटवरून तयार करते आणि डोमेनमध्ये काही बदलले की पुन्हा लिहिते. म्हणून त्या फाइली थेट न बदलता स्वतःचे टेम्पलेट करून डोमेनला लावावे. घरच्या मंडळींना वेगवेगळी खाती देण्यासाठी ते सुटसुटीत आहे. साईट मात्र व्यवस्थापकाच्या खात्याखाली न ठेवता साध्या वापरकर्त्याच्या खात्याखाली ठेवाव्यात.

क्लाउडपॅनेलमध्ये मेल सर्व्हर मुळातच नाही. टप्पा २ मध्ये ईमेल बाहेर ठेवायचे ठरले असेल तर ही उणीव न राहता सोयच होते. पीएचपीबरोबर नोड आणि पायथनच्या साईटही त्यात चालतात. ते वापरायला मोफत असले तरी त्याचा स्रोत खुला नाही, हे ज्यांना महत्त्वाचे वाटते त्यांनी लक्षात घ्यावे. त्यातला वेब सर्व्हर फक्त एन्जिनएक्स आहे आणि एन्जिनएक्स एचटीॲक्सेस फाइल वाचत नाही. एखादे प्लगिन त्या फाइलीत सुरक्षेचे नियम लिहीत असेल तर ते नियम लागू होत नाहीत आणि त्याबद्दल कोणतीही त्रुटीही दिसत नाही. म्हणूनच ही चूक घातक आहे.

सायबरपॅनेल ओपनलाइटस्पीडवर चालते आणि वर्डप्रेससाठी त्याचा वेग आकर्षक वाटतो. पण ओपनलाइटस्पीड एचटीॲक्सेसमधले प्रामुख्याने पत्ता वळवण्याचे नियमच वाचतो, आणि तेही बदलल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या २.३.६ आणि २.३.७ या आवृत्त्यांत लॉगिन न करताही सर्व्हरचा पूर्ण ताबा मिळवून देणारी त्रुटी निघाली, आणि इंटरनेटवर उघडी असलेली सुमारे २२,००० पॅनेल खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या तावडीत सापडण्याजोगी होती. पुढे दुरुस्ती आली. तरीही हे पॅनेल घ्यायचे असेल तर टप्पा ७ वाचल्याशिवाय घेऊ नये.

आयएसपीकॉन्फिग बीएसडी परवान्याखाली आहे आणि एका पडद्यावरून अनेक सर्व्हर सांभाळू शकते. एकाच यंत्राच्या मालकाला त्याची गरज क्वचितच असते. व्हेस्टा नव्या उभारणीसाठी घेऊ नये. २०१८ मध्ये त्याच्या स्वतःच्याच वितरण-सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली होती, आणि त्याच कोडमधून निघालेले हेस्टिया आता उपलब्ध आहे. पूर्वी सेंटओएस वेब पॅनेल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सीडब्ल्यूपीमधल्या एका गंभीर त्रुटीवर जानेवारी २०२३ मध्ये प्रत्यक्ष हल्ले झाले.

त्रुटी निघाली म्हणून पॅनेल बाद, असा नियम करता येत नाही, कारण मग यादीत कोणीच उरणार नाही. त्रुटी कळल्यावर दुरुस्ती किती दिवसांत आली आणि ती जाहीरपणे सांगितली गेली का, हे पाहावे. प्रकल्पाच्या अधिकृत पानावरच्या शेवटच्या काही आवृत्त्यांच्या तारखा आणि त्यांसोबतच्या बदलांच्या नोंदी वाचायला पंधरा मिनिटे लागतात, आणि माझ्या अनुभवात तुलनात्मक तक्त्यांपेक्षा त्यांतून जास्त कळते.

*तपासणी:* कागदावर आता दोनच नावे असावीत. तीन असतील तर ईमेलचा निर्णय अजून झालेला नाही असे समजावे.

टप्पा ५: तासाच्या भाड्यावर तालीम

दोन्ही पॅनेल तासावर भाडे आकारणाऱ्या यंत्रांवर बसवून पाहावीत आणि ती यंत्रे प्रत्यक्ष वापरणार तेवढ्याच मेमरीची घ्यावीत. ८ जीबीच्या यंत्रावर सगळीच पॅनेल छान पळतात.

१. आधी सर्व्हरला पूर्ण होस्टनाव द्यावे. ते मुख्य डोमेनचे नसून उपडोमेनचे असावे. जे डोमेन पुढे होस्ट करायचे आहे तेच सर्व्हरचे नाव म्हणून दिले की ईमेल आणि प्रमाणपत्र या दोन्हींत गोंधळ होतो आणि तो नंतर निस्तरणे किचकट असते. या उपडोमेनची डीएनएस नोंद पॅनेल बसवण्याआधीच सर्व्हरकडे वळलेली हवी.

२. स्थापनेची स्क्रिप्ट अधिकृत पानावरून उतरवून घ्यावी, चाळून पाहावी आणि मगच चालवावी. एकाच ओळीत उतरवून थेट रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालवण्याची पद्धत सर्वत्र दिसते, पण ती ओळ कोणत्या डोमेनवरून आणत आहे हे तरी अक्षर न् अक्षर तपासावे.

३. स्क्रिप्ट ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ या, जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या, प्रोग्रामच्या आत चालवावी. स्थापना अर्ध्यावर असताना घरचे इंटरनेट गेले तर साध्या एसएसएच सत्रातली, म्हणजे दुरून केलेल्या लॉगिनमधली, स्क्रिप्ट मध्येच तुटते, आणि अर्धवट बसलेले पॅनेल दुरुस्त करण्यापेक्षा यंत्र पुसणे लवकर होते.

४. टप्पा २ मध्ये नको ठरलेले घटक स्थापनेच्या वेळीच वगळावेत. नंतर काढू म्हटलेला क्लॅमएव्ही कोणी काढत नाही.

५. बसवल्यावर दोन साईट, दोन वापरकर्ते आणि दोन डेटाबेस तयार करून पाहावेत. एका वापरकर्त्याच्या खात्यातून दुसऱ्याच्या फाइली वाचता येतात का, हे मुद्दाम करून पाहावे. डॉट भारत या शेपटाचे देवनागरी डोमेन असेल तर ते पॅनेल तसेच स्वीकारते की त्याचे प्युनिकोड, म्हणजे रोमन अक्षरांतले, रूप मागते आणि त्याचे प्रमाणपत्र निघते का, हेही याच वेळी कळते.

*इशारा:* तालमीत खऱ्या डोमेनसाठी वारंवार प्रमाणपत्र मागू नये. मोफत प्रमाणपत्रे देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा त्याच नावांसाठी आठवड्यात ५ प्रमाणपत्रे देते आणि एका नावासाठी तासाला ५ अयशस्वी प्रयत्नांनंतर थांबवते. ऐन स्थलांतराच्या दिवशी ही मर्यादा आडवी येऊ नये म्हणून तालमीसाठी वेगळे उपडोमेन वापरावे.

*तपासणी:* एक रात्र यंत्र तसेच चालू ठेवावे आणि सकाळी मोकळी मेमरी पाहावी. साईटवर कोणी नसतानाच निम्म्याहून अधिक मेमरी वापरात असेल तर पॅनेल त्या यंत्राला जड आहे.

टप्पा ६: बॅकअप घेणे पुरेसे नाही, परत आणून पाहावा

पॅनेल निवडीचा अंतिम निकाल इथे लागतो. तालमीच्या यंत्रावर बॅकअप घ्यावा, तो यंत्राबाहेर न्यावा आणि दुसऱ्या कोऱ्या यंत्रावर तेच पॅनेल बसवून त्यावर परत आणावा. साईट, डेटाबेस, वापरकर्त्यांची खाती आणि वेळापत्रकावरची कामे यांपैकी काय आपोआप परत आले आणि काय हाताने करावे लागले, याची नोंद करावी. त्यानंतर तोच बॅकअप पॅनेलशिवाय उघडून पाहावा. साध्या टार फाइलीतून (अनेक फाइली एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यातून) साईटच्या फाइली आणि डेटाबेसची एसक्यूएल फाइल हाताने काढता येत असेल तर उद्या हे पॅनेल बंद पडले तरी आपण अडकत नाही. ते जमत नसेल तर दुसऱ्या नावाकडे वळावे.

मराठी साईटसाठी एक तपासणी अधिक करावी लागते. जुन्या डेटाबेसमध्ये मजकूर देवनागरी असला तरी तक्त्याची अक्षरसंहिता लॅटिन१, म्हणजे रोमन लिपीची, अशी नोंदलेली असू शकते. जुन्या सर्व्हरवर ते कसेबसे नीट दिसते. नव्या सर्व्हरवर आणले की सर्वत्र प्रश्नचिन्हे किंवा विचित्र रोमन अक्षरे उमटतात. त्यामुळे परत आणलेल्या साईटचे मुखपृष्ठ पाहून समाधान मानू नये. जुने लेख, प्रतिक्रिया, जोडाक्षरे असलेली शीर्षके आणि देवनागरी नावाच्या चित्रफाइली उघडून पाहाव्यात. अक्षरसंहिता यूटीएफ८एमबी४ असावी.

*तपासणी:* बॅकअपची वेळ पाहावी. सर्व्हरचे घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर असते आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. पॅनेलमध्ये ‘पहाटे ५’ लिहिलेला बॅकअप आपल्याकडे सकाळी साडेदहाला, ऐन वर्दळीत सुरू होतो.

*इशारा:* त्याच सर्व्हरच्या डिस्कवर ठेवलेली प्रत बॅकअप म्हणून धरू नये. डिस्क भरली की आधी डेटाबेस थांबतो आणि मग बॅकअपही अर्धवट होतात.

टप्पा ७: पॅनेलचे दार इंटरनेटवर उघडे ठेवू नये

व्हर्च्युअलमिन १००००, हेस्टिया ८०८३, क्लाउडपॅनेल ८४४३ आणि सायबरपॅनेल ८०९० या पोर्टवर उघडते, आणि हे क्रमांक तुमच्याइतकेच हल्लेखोरांच्या स्क्रिप्टनाही ठाऊक आहेत. पोर्ट बदलल्याने लॉगमधली गर्दी कमी होते, धोका फारसा नाही. खरा उपाय म्हणजे ते पोर्ट फायरवॉलमध्ये बाहेरच्यांना बंद करणे आणि स्वतः एसएसएच टनेलमधून किंवा वायरगार्डसारख्या व्हीपीएनमधून त्यापर्यंत जाणे. २०२४ च्या त्या सायबरपॅनेलच्या त्रुटीतही असे बंद ठेवलेले दार बाहेरून ठोठावता आले नसते. फक्त घरच्या आयपी पत्त्याला परवानगी देण्याची युक्ती अनेक जण करतात; पण घरचा पत्ता बदलता असेल तर राउटर बंद-चालू होताच मालकच बाहेर राहतो.

क्रम चुकू नये. आधी एसएसएचसाठी किल्ली तयार करून तिने लॉगिन होते याची दुसऱ्या खिडकीतून खात्री करावी, मग पासवर्डने होणारे लॉगिन बंद करावे, मग फायरवॉलमध्ये एसएसएच, ८० आणि ४४३ उघडे आहेत हे पाहावे आणि शेवटी पॅनेलचे पोर्ट बंद करावे. हे सर्व होईपर्यंत पहिली खिडकी बंद करू नये. पॅनेलमध्ये द्विस्तरीय पडताळणी असेल तर टनेल असूनही ती चालू करावी.

*इशारा:* पॅनेल स्वतःची फायरवॉल सांभाळत असेल तर तिच्या जोडीला यूएफडब्ल्यू ही उबंटूची फायरवॉल चालू करू नये. दोघे एकमेकांचे नियम बिघडवतात. तसेच डॉकरने उघडलेली पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून बाहेर दिसतात, म्हणून पॅनेलच्या यंत्रावर डॉकर नंतर सहज म्हणून बसवू नये.

*तपासणी:* मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पॅनेलचा पत्ता उघडून पाहावा. तो उघडता कामा नये.

टप्पा ८: साईट हलवणे

स्थलांतराच्या एक-दोन दिवस आधी डोमेनच्या ए नोंदीचा (डोमेनचा आयपी पत्ता सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ, ३०० सेकंदांवर आणावा. डीएनएस रजिस्ट्रारकडे किंवा बाहेरच्या डीएनएस सेवेकडेच ठेवावे. पॅनेलमध्ये नेमसर्व्हर चालवण्याची सोय असते, पण एकाच यंत्रावरचा नेमसर्व्हर म्हणजे यंत्र बंद पडले की ईमेलसह सगळेच दिसेनासे होणे.

सर्वांत बिनमहत्त्वाची साईट आधी हलवावी. फाइली आणि डेटाबेस नव्या यंत्रावर आणून, आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलीत त्या डोमेनसमोर नव्या सर्व्हरचा पत्ता लिहून साईट तपासावी. जगाला अजून जुनीच साईट दिसत असते. डेटाबेस आणताना ‘अनोळखी कोलेशन’ (कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना करण्याची पद्धत) अशी त्रुटी आली तर घाबरू नये. मायएसक्यूएल ८ ज्या कोलेशनने तक्ते बनवते ते मारियाडीबीच्या अनेक आवृत्त्या ओळखत नाहीत. एसक्यूएल फाइलीत त्याच्या जागी ‘यूटीएफ८एमबी४ युनिकोड सीआय’ (utf8mb4_unicode_ci) हे कोलेशन घातले की काम होते. मूळ फाइलीची प्रत मात्र आधी बाजूला काढावी.

डीएनएस वळवल्यावरच प्रमाणपत्र मागावे, कारण नेहमीच्या पद्धतीत लेट्स एन्क्रिप्ट ८० पोर्टवरून साईटवर येऊन पडताळणी करते. इथे अडणाऱ्यांपैकी अनेकांच्या डोमेनवर जुन्या होस्टची आयपीव्ही६ नोंद तशीच राहिलेली असते. ए नोंद नव्या सर्व्हरकडे आणि एएएए, म्हणजे आयपीव्ही६ची, नोंद जुन्याकडे, अशा अवस्थेत पडताळणी जुन्या सर्व्हरकडे जाते आणि फसते. ती नोंद काढावी किंवा बदलावी.

*तपासणी:* होस्ट्स फाइलीतली ओळ काढून टाकल्यावर साईट पुन्हा पाहावी, संपर्क-अर्ज भरून पत्र येते का ते पाहावे आणि जुने होस्टिंग किमान आठवडाभर चालू ठेवावे.

टप्पा ९: पुढचे काही महिने

सिस्टीमच्या सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसतील अशी व्यवस्था करावी आणि पॅनेलच्या सुरक्षा-सूचना ईमेलवर येतील अशी नोंदणी करावी. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते, आणि मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणे त्यांनी जून २०२५ मध्ये बंद केले. म्हणून साधारण साठाव्या दिवसानंतर ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हापाशी जाऊन नवी तारीख लागली आहे का ते एकदा स्वतः पाहावे. पहिले नूतनीकरण आपोआप झालेले दिसले की पुढे बाहेरची एखादी साधी देखरेख सेवा पुरते.

ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती आली म्हणून पॅनेल असलेल्या यंत्रावर थेट मोठी श्रेणीवाढ करू नये, पॅनेलने परवानगी दिली असली तरीही. नव्या आवृत्तीचे कोरे यंत्र घ्यावे, त्यावर पॅनेल बसवावे, टप्पा ६ मध्ये तपासलेल्या पद्धतीने बॅकअप परत आणावा आणि टप्पा ८ प्रमाणे डोमेन वळवावे. जुन्या यंत्राचे भाडे एखादा आठवडा जास्त जाईल, तेवढे जाऊ द्यावे.